डायलिसिस फुकट झालं, पण ताटाचं काय?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसला पैसे लागत नाहीत, हे आता गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे घरात किडनीचा पेशंट आहे म्हटलं की समोरचा पटकन म्हणतो, "मग काय, सरकार करतंय की सगळं." सरकार करतं ते मशीनवरच्या चार तासांचं, आठवड्यातून तीनदा. बाकीचे दिवस माणूस घरच्या जेवणावर जगतो, आणि आमच्या घरात खरी ओढाताण सुरू झाली ती तिथे.

आमचे हे दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातलं आमचं गाव, हंगामात त्यांना रात्रंदिवस काम असायचं. डायलिसिस लागलं आणि गाडी सुटली. मी बागेत मजुरीला जायची. पण आठवड्यातले तीन दिवस डायलिसिससाठी मिरजेत गेले की मुकादम उरलेल्या दिवशीही बोलवत नाही. त्याला रोज येणारी बाई पाहिजे, त्याचंही बरोबर आहे. दोघांची मिळकत एकदमच आटली आणि नेमका त्याच महिन्यापासून खाण्याचा खर्च वाढला.

तो का वाढला हे लोकांना सांगून पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. मशीन सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी डाळी, अंडी, मटण अगदी कमी करायला लावलं होतं. मशीन सुरू झाल्यावर तेच म्हणाले, आता प्रथिनं वाढवा. माझ्या सासूबाई जवळच थोरल्या दिरांकडे राहतात. त्यांना हे काही केल्या पटेना. काल विष होतं ते आज औषध कसं झालं, असा त्यांचा प्रश्न. मग आहारतज्ज्ञ मॅडमनी त्यांनाच समोर बसवून समजावलं: रक्त साफ होताना प्रथिनांचाही थोडा भाग निघून जातो, तो भरून काढला नाही तर अंगावरचं मांस झडतं. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते १.२ ग्रॅम धरायचं. ह्यांचं वजन पंचावन्न किलो. म्हणजे रोज ५५ ते ६६ ग्रॅम प्रथिनं. एका अंड्याच्या पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅमच्या आसपास मिळतात. पिवळ्यात फॉस्फरस जास्त, म्हणून पिवळं मुलांना आणि पांढरं ह्यांना. सकाळ-संध्याकाळ मिळून पाच-सहा अंडी आणि आठवड्यातून दोनदा थोडं चिकन किंवा मासा. सहा-सात रुपयांना एक अंडं. महिन्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

दुसरीकडे जे आपल्याकडे स्वस्त आणि घरचं म्हणून मिळतं, तेच नेमकं चालत नाही. आमच्याकडे शेंगदाण्याचा कूट घातल्याशिवाय कालवण होत नाही, आणि कूट बंद. गूळ बंद. केळं, शहाळं, टोमॅटोचं सार बंद, कारण पोटॅशियम. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं, ही नुसती भीती घातलेली नसते. आजारी माणसाला भेटायला येणारे पाहुणे आमच्या भागात काय आणतात? बेदाणे, केळी, शहाळी. प्रेमाने आणलेली पिशवी मी मुलांसमोर ठेवते आणि ह्यांना दुसऱ्या खोलीत बसवते. एका नातेवाइकाने तर बीपीसाठी चांगलं म्हणून कमी सोडियमचं मीठ आणून दिलं. त्या पाकिटावर बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराईड लिहिलेलं असतं. किडनीच्या पेशंटच्या घरात ते पाकीट ठेवूसुद्धा नये.

भाजी करायची रीतही बदलली. बटाटा असो, वांगं असो, दुधी असो, साल काढून पातळ फोडी करायच्या. मोठ्या पातेल्यात भरपूर कोमट पाण्यात दोन तास भिजत ठेवायच्या. ते पाणी ओतून द्यायचं. मग नव्या पाण्यात शिजवायच्या आणि तेही पाणी काढून टाकायचं. भाजीचं पाणी टाकू नये, त्यातच सगळा कस असतो, हे लहानपणापासून ऐकत आलेली मी. पहिल्यांदा ते हिरवट पाणी मोरीत ओतताना हात अडखळला होता. अशी भाजी मुलं खात नाहीत, म्हणून रोज दोन भाज्या आणि गॅसही दुप्पट.

तेव्हा मी मदत शोधायला निघाले ती औषधासाठी नव्हे, जेवणासाठी. आणि जेवणासाठी मदत द्या असं म्हणत कुठल्याही खिडकीवर गेलं की पहिला प्रश्न येतो, "आजार काय आहे ते सांगा, शस्त्रक्रिया आहे का?" मुख्यमंत्री सहायता निधीचं कुणीतरी सुचवलं. तो पैसा उपचाराचा, तो थेट दवाखान्याकडे जातो. अंड्यांसाठी नाही.

वाट दाखवली ती सांगलीच्या सिव्हिलमधल्या समाजसेवा अधीक्षक मॅडमनी. सरकारी दवाखान्यांत हे पद असतं आणि बहुतेक नातेवाइकांना त्याचा पत्ताच नसतो. केसपेपर काढणाऱ्या खिडकीवर विचारलं की खोली दाखवतात. मॅडमनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "ताई, रेशनकार्ड कुठलं आहे? धान्य मिळतं का?" मी म्हटलं, "केशरी आहे, धान्य नाही मिळत." त्या म्हणाल्या, "मग तिथूनच सुरुवात करा. बाकी सगळं त्याच्या मागून येईल." हे शब्दशः खरं निघालं.

आमची नावं सासऱ्यांच्या जुन्या कार्डात होती. थोरल्या दिरांचं कुटुंब त्यातच, त्यांचा ट्रॅक्टर, थोडी बाग. चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षं झाली, पण कार्ड एकच राहिलं, कारण तेव्हा त्याने काही अडत नव्हतं. धान्य मिळणाऱ्या प्राधान्य कुटुंबात यायचं तर गावात वर्षाचं उत्पन्न ४४,००० रुपयांच्या आत आणि शहरात ५९,००० च्या आत लागतं. एकत्र कार्डावर ते शक्यच नव्हतं. म्हणून आधी विभक्त कार्ड करायचं ठरलं. भाऊजींनी काही न बोलता संमतीची सही दिली, याचे उपकार मी विसरणार नाही. कित्येक घरांत इथेच वाद होतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. महात्मा फुले योजनेतही रेशनकार्ड बघतात. मिरजेच्या दवाखान्यात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राने मला बजावलं होतं की जुन्या कार्डातून नाव कमी करायच्या आधी मला सांगा, मधल्या काळात मंजुरी अडकायला नको. डायलिसिस एक पाळी चुकली तरी अंगात पाणी भरतं, दम लागतो. म्हणून तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव कमी करणं आणि नवीन कार्डाचा अर्ज हे दोन्ही एकाच वेळी दिलं आणि पोचपावत्यांच्या झेरॉक्स दवाखान्याच्या फाईलला लावल्या. लागले ते कागद म्हणजे सगळ्यांची आधार कार्डं, घरपट्टीची पावती, वीजबिल, जुन्या कार्डाची प्रत आणि उत्पन्नाचा दाखला. उत्पन्नाच्या दाखल्याला आधी तलाठी भाऊसाहेबांचा अहवाल, मग सेतू केंद्रातून अर्ज, मग तहसीलदारांची सही.

कार्ड मिळालं, बारा अंकी ऑनलाइन नंबरही पडला. तरी धान्य नाही. दुकानदार दादा म्हणाले, "वहिनी, इष्टांक संपलाय." इष्टांक म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं त्याचा ठरलेला आकडा. मला वाटलं टाळतायत. पण ते खरं होतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात राज्याला साधारण सात कोटी लोकांचा आकडा ठरवून दिला आहे, तोही २०११ च्या जनगणनेवरून. तो तालुक्याला, गावाला वाटला जातो. त्यानंतर गावात किती सुना आल्या, किती लेकरं झाली, किती घरं आजारपणाने खाली आली, त्या आकड्याला याचं काही देणंघेणं नाही. कुणी गेलं, कुणाची लेक सासरी गेली, कुणी गाव सोडलं आणि त्यांचं नाव कमी झालं, तरच दुसऱ्याला जागा. गरज पुढे असूनही कुणाचं तरी नाव गळायची वाट बघायची, ही व्यवस्था मला आजही मान्य नाही.

पण जागा होतात, हेही खरं. दुकानात ई-केवायसी सुरू झाली, मशीनवर प्रत्येकाचा अंगठा घेऊ लागले, तेव्हा वर्षानुवर्षं यादीत पडून राहिलेली मयत माणसांची नावं निघाली. चावडी वाचनाच्या दिवशी मी गेले. गावच्या यादीतली नावं त्या दिवशी सगळ्यांसमोर वाचली जातात आणि तिथे बोलता येतं. बाया सहसा मागे बसतात. मी उभी राहिले आणि सांगितलं की आमचा अर्ज आहे, उत्पन्न बसतं, घरात डायलिसिसचा पेशंट आहे, जागा झाली तर आमचं नाव घ्या. सरपंच ताईंनी ते लिहून घ्यायला लावलं. पुढे पुरवठा निरीक्षकांकडे ग्रामपंचायतीचं पत्र गेलं आणि काही महिन्यांनी आमची चार नावं यादीत आली. तक्रार असेल तर १९६७ हा क्रमांक आहे, मीही लावला होता. पण खरं काम झालं ते चावडीवर सगळ्यांसमोर बोलल्यामुळे, असं माझं मत आहे.

माणशी पाच किलोप्रमाणे महिन्याला वीस किलो गहू-तांदूळ येतो. जानेवारी २०२३ पासून त्याला पैसे पडत नाहीत. किडनीच्या पेशंटला ज्वारीच्या भाकरीपेक्षा पांढरा भात बरा पडतो, त्यात पोटॅशियम-फॉस्फरस कमी, म्हणून तो तांदूळ आमच्या फारच कामाचा. पहिल्याच महिन्यात निवडताना त्यात वेगळे, जरा पिवळसर दाणे दिसले. शेजारणी म्हणाल्या, प्लास्टिकचा तांदूळ आहे, टाकून द्या. मी मूठभर पुडीत बांधून आहारतज्ज्ञ मॅडमना दाखवायला नेला. त्या म्हणाल्या, हा पोषक तत्त्वं मिसळलेला दाणा आहे, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेला. तो निवडून काढू नका आणि शिजवताना पेजेबरोबर ओतून देऊ नका. तांदूळ टाकून देणाऱ्या प्रत्येक घराला हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

रेशनमुळे धान्याचे सहा-सातशे रुपये वाचू लागले. प्रथिनांचा प्रश्न होताच. त्यासाठी समाजसेवा अधीक्षक मॅडमनी संजय गांधी निराधार अनुदान योजना सुचवली, महिना १५०० रुपये. नावात निराधार असल्यामुळे ह्यांना ते फार लागलं. "मी काय निराधार आहे का, तू आहेस, पोरं आहेत," म्हणाले. मी म्हटलं, हे तुमच्या अंड्यांचे पैसे आहेत, एवढंच समजा.

गावातल्या एकाने सल्ला दिला की अपंगाचा दाखला काढा, त्यांना याच योजनेत २०२५ पासून २५०० मिळतात. सिव्हिलला विचारलं. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल बसतात. किडनी निकामी होणं बसत नाही. ती वाट बंद. उरलं याच योजनेतलं दुर्धर आजाराचं कलम. त्यात क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशी नावं घेऊन पुढे 'यांसारखे' म्हटलंय. खिडकीवरच्या बाबूंनी बोट फिरवून दाखवलं, "यात किडनी कुठं आहे?" मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही दाखल्यावर नुसतं आजाराचं नाव न घेता स्पष्ट लिहून घेतलं की रुग्ण कायमचा डायलिसिसवर अवलंबून आहे आणि चरितार्थासाठी काम करू शकत नाही. तो दाखला लावल्यावर अर्ज घेतला गेला. ज्यांना पुढे हा अर्ज करायचा आहे त्यांनी हे वाक्य डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्यावं.

त्याहून मोठी अडचण उत्पन्नाची. या योजनेत कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. दोन वेळ जेवणाऱ्या कुठल्या घराचं उत्पन्न इतकं कमी असतं, हा प्रश्न मी साहेबांनाही विचारला. त्यांच्या हातात काही नव्हतं. आमच्या पहिल्या दाखल्यावर आदल्या वर्षीचं उत्पन्न होतं, ह्यांच्या ड्रायव्हरकीचे काही महिने त्यात आलेले. रेशनला तो चालला, इथे चालला नाही. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. एप्रिल उजाडल्यावर नव्या वर्षाचा दाखला काढायला गेले. गेल्या वर्षभरात ह्यांची कमाई शून्य आणि माझी मजुरी किती दिवसांची, हे बागवाल्याने लिहून दिलं, शेजाऱ्यांचे जबाब झाले. भाऊसाहेबांनी घरी येऊन भिंतीला टेकून ठेवलेल्या औषधांच्या खोक्यांकडे, ह्यांच्या फुगलेल्या हातावरच्या फिस्टुलाकडे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून केलेल्या शिरेकडे, बघितलं आणि अहवाल दिला. समितीच्या बैठकीत नाव मंजूर झालं. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, कधी दोन महिन्यांचे एकदम, पण येतात. अर्ज ह्यांच्या नावाने केल्यामुळे माझे लाडकी बहीणचे १५०० चालू राहिले. एकाच बाईच्या नावावर दोन्ही घेता येत नाहीत, त्यामुळे अर्ज कुणाच्या नावाने करायचा हे आधी बघून घ्यावं.

एसटीचं मात्र सोपं निघालं. डायलिसिसच्या रुग्णाला साध्या आणि निमआराम बसला तिकीट पडत नाही, दवाखान्याचा दाखला लागतो. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. आठवड्याच्या सहा फेऱ्यांचं भाडं वाचलं, त्यात चिकन बसतं.

डायलिसिसच्या खोलीत शेजारच्या कॉटवर जत तालुक्यातले एक काका असतात. त्यांच्या मुलीला क्षयरोग झाला. तिची नोंद झाली आणि उपचार चालू असेपर्यंत पोषण आहाराचे महिना १००० रुपये तिला सुरू झाले. २०१८ मध्ये निक्षय पोषण योजना आली तेव्हा ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट झाले. शिवाय निक्षय मित्र म्हणजे क्षयरुग्णांना स्वतःहून मदत करणारे लोक, त्यांच्याकडून कडधान्य, तेल, शेंगदाण्याचं किट. मला त्या पोरीसाठी आनंदच झाला. पण मनात आलं, की क्षयरोगात सरकारने मान्य केलं आहे की नुसत्या गोळ्यांनी माणूस बरा होत नाही, पोटात अन्न लागतं. मग हेच डायलिसिसवाल्याच्या बाबतीत का मानत नाहीत? एका पाळीमागे दवाखान्याला जे पैसे सरकार देतं, त्यात पेशंटच्या सहा अंड्यांची भर घातली तर केवढी मोठी रक्कम होणार आहे? अंगात प्रथिनं नसली की जखम भरत नाही, जंतुसंसर्ग होतो, ॲडमिट करावं लागतं, आणि तो खर्च मग सरकारलाच पडतो. हे मी प्रत्येक साहेबांना सांगते आणि सांगत राहणार.

गावातल्या गणेश मंडळाच्या पोरांनी दिवाळीला किट आणून दिलं होतं. गूळ, शेंगदाणे, पोहे, हरभरा डाळ, फरसाण. मनाने दिलेलं, पण ह्यांना त्यातलं पोह्यांशिवाय काही चालेना. मी त्यांना बसवून चहा दिला आणि स्पष्टच बोलले, "दादांनो, किट नको. जमलं तर महिन्याला दोन ट्रे अंडी द्या." मागून घ्यायला अवघड गेलं, पण पोरांना ते लगेच पटलं. त्यांनी अंडीवाल्याकडेच पैसे भरून टाकले. आता पहिल्या आठवड्यात तो साठ अंडी देऊन जातो. काय चालतं हे आजारी घराने स्वतःहून सांगितलं नाही तर देणाऱ्याचे पैसे वाया जातात आणि घेणाऱ्यालाही उपयोग होत नाही.

मिरजेत सोबत जाणाऱ्याच्या जेवणाचाही प्रश्न असतोच. शिवभोजन थाळी दहा रुपयांत मिळते, दोन चपात्या, भाजी, वरण, भात. ती माझ्यासाठी. ह्यांचा डबा घरून.

सगळ्यात गरीब घरांना मिळणाऱ्या अंत्योदय रेशनकार्डाचाही अर्ज मी केला आहे, तो अजून पडून आहे. अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असोत, ३५ किलो धान्य मिळतं. कुटुंबप्रमुख दुर्धर आजारी असेल आणि कमावतं कुणी नसेल तर त्या घराला त्यात प्राधान्य द्यावं, असं निकषात आहे. पुरवठा शाखेचं म्हणणं, अंत्योदयचाही इष्टांक भरलाय. मी लेखी मागितलं आहे की तालुक्यात किती कार्डं, आमच्या गावात किती आणि त्यातली किती घरं आज बंद आहेत. उत्तर आलेलं नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या म्हणून ग्रामसेवकांकडे अर्ज दिला आहे आणि या वेळी गावातल्या आणखी दोन डायलिसिसच्या घरच्या बाया सोबत येणार आहेत. त्यांच्याही अर्जाचे कागद परवा रात्री आमच्या ओट्यावर बसून लावले.